सुरतेची मानवधर्मसभा आणि मनुष्यजन्माचे प्रयोजन

सुरत हे नाव उच्चारले की मराठी वाचकाच्या मनात १६६४ आणि १६७० ही दोन साले प्रथम उभी राहतात. शिवछत्रपतींच्या त्या दोन स्वाऱ्यांनी सुरतेला आपल्या इतिहासात जे स्थान दिले, ते इतके ठसठशीत आहे की त्या नगराशी मराठी माणसाचा दुसरा एखादा संबंध आला होता याची सहसा कोणास आठवण होत नाही. परंतु या घटनांनंतर पावणेदोनशे वर्षांनी एक मराठी गृहस्थ शाळामास्तर म्हणून सुरतेस गेले, आणि तेथील चार गुजराती मित्रांच्या साहाय्याने त्यांनी एक सभा स्थापन केली. तिचे नाव मानवधर्मसभा. स्थापनेचा दिवस २२ जून १८४४. ते गृहस्थ म्हणजे मराठी भाषेचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर.

आमच्या वाङ्मयेतिहासांत आणि प्रबोधनाच्या इतिहासांत या सभेचा उल्लेख येतो, नाही असे नाही. पण तो बहुधा एका वाक्यापुरता येतो. मुंबईच्या परमहंससभेची पूर्वपीठिका एवढेच तिचे महत्त्व मानले जाते आणि लेखक लगेच पुढे सरकतात. त्यातही सभेची गणना ‘सामाजिक सुधारणा’ या सदरात होत असल्यामुळे तिने मुळात कोणता प्रश्न हाती घेतला होता, हे झाकून जाते. तो प्रश्न आध्यात्मिक होता. मनुष्य जन्मास आला तो कशासाठी, त्याने ईश्वराशी आणि इतर मनुष्यांशी कोणत्या नात्याने वागावे, आणि या प्रश्नाचे उत्तर जातीजातीला व पंथापंथाला निरनिराळे असू शकते काय, हे या सभेचे विचारणे होते. जातिभेदाचा निषेध हा त्या विचारण्यातून निघालेला निष्कर्ष होय. हा क्रम नीट ध्यानात घेतल्यावाचून सभेचे यश आणि अपयश या दोहोंचाही अर्थ लागणार नाही, असे आम्हांस वाटते.

प्रथम त्या वेळची सुरत कशी होती ते पाहू. मोगलांच्या काळी पश्चिम किनाऱ्यावरील अग्रेसर बंदर म्हणून गाजलेले हे नगर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उतरणीला लागले होते. त्याचा व्यापार मुंबईने ओढून नेला होता. १८०० मध्ये नगराचा कारभार पूर्णपणे इंग्रजांच्या हाती गेला. १८३७ च्या भयंकर आगीत नऊ हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली, आणि त्याच वर्षी तापीच्या पुरानेही नगराची दैना केली. वैभव गेलेल्या नगरात माणसे आपापल्या ज्ञातीला आणि महाजनाला अधिकच घट्ट धरून राहतात. सुरतेत नागर ब्राह्मण होते, वैष्णव आणि जैन व्यापारी होते, पारशी होते, बोहरी व इतर मुसलमान होते. त्यांत ख्रिस्ती मिशनऱ्यांचीही भर पडलेली होती. बायबलाचे गुजराती भाषांतर १८२० च्या सुमारास सुरतेतच तयार होऊ लागले, ही गोष्ट या संदर्भात विसरता येत नाही. एकाच गल्लीत इतके धर्म आणि इतके आचार नांदत असता, त्यांतला खरा कोणता, हा प्रश्न विचारी माणसाला ग्रंथ उघडण्यापूर्वीच पडावा, अशी ही जागा होती.

दादोबा येथे आले ते या प्रश्नाचे ओझे घेऊनच. त्यांचा जन्म १८१४ साली मुंबईत झाला. वयाच्या बाविसाव्या वर्षी, म्हणजे १८३६ मध्ये, त्यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध झाले आणि त्या एका ग्रंथाने त्यांचे नाव मराठी भाषेच्या इतिहासात कायमचे कोरले गेले. पुढे माळव्यातील जावरा संस्थानच्या नवाबाचे शिक्षक म्हणून काही काळ काम करून ते १८४० नंतरच्या वर्षांत सुरतेच्या इंग्रजी शाळेत रुजू झाले. तेथे त्यांना भेटलेले प्रमुख सहकारी म्हणजे सरकारी गुजराती शाळेचे मेहताजी दुर्गाराम मंछाराम. दुर्गाराम १८०९ साली जन्मलेले नागर ब्राह्मण. स्वभावाने निर्भय, वाणीने तिखट, आणि भूतपिशाच, मंत्रतंत्र, विधवांची दुर्दशा यांविषयी उघडपणे बोलणारे. या दोघांना दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास हे तिघे मिळाले. पाचांचीही नावे ‘द’काराने सुरू होतात म्हणून लोकांनी त्यांना ‘पाच दद्दे’ म्हणावयास आरंभ केला. त्यात थट्टा होती. पण थट्टेनेही माणसे ओळखीची होतात.

त्या दोन-तीन वर्षांत मुंबई इलाख्याचे वातावरण धर्मांतराच्या प्रकरणांनी तापलेले होते. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत याचे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि त्यास परत ज्ञातीत घ्यावे की नाही यावर बाळशास्त्री जांभेकर एका बाजूस आणि सनातनी मंडळी दुसऱ्या बाजूस असा मोठा वाद माजला. अशा वेळी सुशिक्षित हिंदूपुढे दोनच वाटा आहेत असे दिसू लागले होते: एक, आहे तसाच आचार डोळे मिटून पाळावयाचा, दुसरी, मिशनऱ्यांच्या हाती आपला हात द्यावयाचा. बंगालात राममोहन रॉय यांनी १८२८ पासून, आणि १८४३ पासून देवेंद्रनाथ ठाकूर यांनी, तिसरी वाट काढली होती. पश्चिम हिंदुस्थानात तिसऱ्या वाटेचा पहिला संघटित प्रयत्न सुरतेच्या या पाच जणांनी केला.

सभेस दिलेले नाव फार विचार करण्यासारखे आहे. ‘मानव धर्म’ हे शब्द काही नवे नव्हते. मनुस्मृतीसच पंडितमंडळी ‘मानव धर्मशास्त्र’ म्हणत आली आहेत. तेथे ‘मानव’ म्हणजे मनूने सांगितलेला. आणि मनूने सांगितलेला धर्म म्हणजे वर्णावर्णांस वाटून दिलेला धर्म. ब्राह्मणाचे कर्तव्य निराळे, शूद्राचे निराळे, स्त्रीचे निराळे. सुरतेच्या सभेने तेच दोन शब्द घेतले आणि त्यांचा विग्रह पालटला. ‘मानव’ म्हणजे मनुष्यमात्राचा. एका शब्दातील हा फरक व्याकरणाच्या दृष्टीने लहान, पण अर्थाच्या दृष्टीने त्यात एक संपूर्ण विचारक्रांती साठवलेली आहे. जन्माचे प्रयोजन जर मनुष्यत्वाला चिकटलेले असेल, तर ते जातीने देता येत नाही आणि जातीने काढूनही घेता येत नाही. या एका आधारावर सभेची बाकीची सर्व तत्त्वे उभी आहेत.

ती तत्त्वे दादोबांच्या ‘धर्मविवेचन’ या लहानशा ग्रंथात सविस्तर आली आहेत. हा ग्रंथ त्यांनी १८४३ च्या सुमारास लिहिला. पण तो छापून प्रसिद्ध झाला १८६८ मध्ये, आणि तोही स्वतःच्या नावाने नव्हे, ‘एक जगद्वासी आर्य’ या टोपणनावाने. त्यातील सात तत्त्वांचा आशय आमच्या शब्दांत असा सांगता येईल. ईश्वर एकच आणि पूजा त्याचीच. प्रेम आणि नीती यांवर उभारलेला तोच खरा धर्म. मनुष्यमात्राचा आध्यात्मिक धर्म एकच. प्रत्येकास विचाराचे स्वातंत्र्य. नित्याचे आचरण विवेकाला धरून. मनुष्याची जात एक. आणि ज्ञान सर्वांना मिळावे. दुर्गारामांनी सुरतेत प्रतिपादन केलेल्या तत्त्वांचा रोखही हाच होता. माणसाची योग्यता कुळावरून न ठरविता गुणावरून ठरवावी, यावर त्यांचा विशेष भर असे.

या सात तत्त्वांची मांडणी बारकाईने पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. आरंभ ईश्वरापासून आहे आणि शेवट शिक्षणात आहे. मध्ये विचारस्वातंत्र्य आणि विवेक येतात. म्हणजे ईश्वरप्राप्ती हे मनुष्यजन्माचे साध्य आहे, हे जुने उत्तर येथे टाकून दिलेले नाही. मात्र त्या साध्याकडे जाण्याचे साधन बदलले आहे. आमच्या परंपरेत चार पुरुषार्थ सांगितले आणि मोक्षाला शिखरावर बसविले; पण त्या शिखराकडे जाणाऱ्या वाटेवर अधिकारभेदाच्या चौक्या बसविल्या. कोणी वेद म्हणावा, कोणी म्हणू नये. कोणास संन्यास आहे, कोणास नाही. सभेचे म्हणणे असे की साध्य जर सर्वांचे एक असेल, तर साधनही सर्वांच्या आवाक्यातले असले पाहिजे. विवेक हे तसे साधन आहे, कारण तो प्रत्येक मनुष्यास उपजत मिळतो. आणि विवेक जागा राहावा म्हणून ज्ञान सर्वांना दिले पाहिजे. शाळामास्तरांनी स्थापलेल्या सभेचे शेवटचे तत्त्व शिक्षणाचे असावे, यात नवल नाही. पण ते केवळ धंद्याच्या अभिमानाने आलेले नाही. त्यांच्या दृष्टीने अज्ञानात ठेवलेला मनुष्य हा आपल्या जन्माच्या प्रयोजनापासूनच वंचित ठेवलेला मनुष्य होता.

येथे दादोबांच्या व्याकरणाची आठवण होते. व्याकरणकार काय करतो? लोक बोलतात त्या शेकडो रूपांत, अनेक जातींच्या आणि प्रांतांच्या बोलण्यात, तो एक नियम शोधतो. तो नियम त्याने घडविलेला नसतो. बोलणाऱ्यांच्या तोंडी तो आधीपासून असतो आणि बोलणाऱ्यांस त्याची जाणीव नसते. धर्माच्या बाबतीतही दादोबांची दृष्टी हीच आहे. नाना आचार, नाना विधी, नाना नावे यांच्या खाली एक सर्वसाधारण धर्म आहे आणि तो विवेकाने काढून दाखविता येतो, हा त्यांचा विश्वास. या दृष्टीचे सामर्थ्य आहे तशी तिची मर्यादाही आहे. व्याकरण भाषेचे नियम सांगते, पण व्याकरण वाचून कोणास गाणे सुचत नाही. सभेच्या धर्मात नियम स्वच्छ होते, गाणे नव्हते.

संतांचे स्मरण येथे अपरिहार्यपणे होते. कोणी म्हणेल की ईश्वराच्या दारी सर्व सारखे, हे तर वारकरी संतांनी सुरतेच्या सभेपूर्वी कितीतरी शतके आधी सांगितले होते. मग सभेने नवे ते काय सांगितले? हा आक्षेप वजनदार आहे. आमचे उत्तर असे की संतांनी वाळवंटात जे साम्य अनुभवास आणून दिले, ते गावात परत आल्यावर टिकले नाही. भक्तीच्या क्षणी जात विसरली जाई. पंक्तीच्या वेळी ती पुन्हा आठवे. सभेने विचारले, जे ईश्वरासमोर खरे, ते पंक्तीत खोटे कसे? हा तर्काचा प्रश्न होता, आणि तो तर्काने विचारला गेला हेच त्यातले नावीन्य. पण संतांजवळ जो रस होता, कीर्तन होते, मुखोद्गत होणारी वाणी होती, त्यातले सभेजवळ काही नव्हते. त्यामुळे तिचा आवाज शाळेत शिकलेल्या मूठभर लोकांपलीकडे फारसा गेला नाही. पुढे १८६७ मध्ये प्रार्थनासमाज स्थापन झाला आणि रानडे-भांडारकरांसारख्या मंडळींनी संतवाणीस उपासनेत मानाचे स्थान दिले, त्याचे एक कारण ही उणीवच होय.

असो. सभेचे खरे वैशिष्ट्य तिच्या तत्त्वांहूनही तिच्या रीतीत होते, असे आमचे मत आहे. तिच्या सभा उघड्या होत. धर्माची चर्चा तोवर गुरूच्या गादीपुढे, पुराणिकाच्या आसनापुढे किंवा पंडितांच्या सदरेवर होत असे. तेथे एकाने सांगावयाचे आणि इतरांनी ऐकावयाचे. येथे कोणीही यावे, शंका विचारावी, उत्तर मागावे. मंत्राने भूत उतरविणाऱ्या व करणी करणाऱ्या मांत्रिकांना दुर्गारामांनी जाहीर आव्हान दिले की आपले सामर्थ्य सर्वांसमक्ष सिद्ध करून दाखवावे. भुताखेतांच्या भीतीत आयुष्य काढणाऱ्या लोकांसमोर एक शाळामास्तर उभा राहतो आणि अमुक मंत्र माझ्यावर चालवून दाखवा म्हणतो, या प्रसंगाचे महत्त्व केवळ अंधश्रद्धानिर्मूलनापुरते नाही. ज्याच्या मनात भीती आहे, तो स्वतःच्या जन्माचा विचार स्वतंत्रपणे करू शकत नाही. भीती घालविणे ही त्या विचाराची पहिली पायरी, हे दुर्गारामांनी अचूक ओळखले होते.

त्याच १८४४ सालच्या ऑगस्टअखेर सुरतेत मिठाचा दंगा झाला. सरकारने मिठावरील कर मणी आठ आण्यांवरून एक रुपयावर नेल्यामुळे लोक रस्त्यावर उतरले, आणि सरकारास ती वाढ काही अंशी मागे घ्यावी लागली. या दोन घटनांचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध जोडण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ज्या नगरात दोन महिन्यांच्या अंतराने लोक करासंबंधी सरकारास जाब विचारतात आणि मूठभर शिक्षक धर्मासंबंधी शास्त्राधिकाऱ्यांस जाब विचारतात, त्या नगरात उघड्यावर प्रश्न विचारण्याची सवय रुजू लागली होती, एवढे तर म्हणता येईल.

सभेची दुर्बलता मात्र लपविण्यासारखी नाही. मनुष्याची जात एक, असे तिने सांगितले; पण जातीचे बंधन प्रत्यक्ष तोडण्याचे पाऊल तिने टाकले नाही. पंक्तिभेद मोडला नाही, बेटीव्यवहाराची गोष्ट तर दूरच. जे पटले ते बोलून दाखविणे, एवढ्यावर ती थांबली. तिचे आयुष्यही माणसांच्या बदल्यांवर अवलंबून राहिले. १८४६ मध्ये दादोबा मुंबईस परतले. १८५२ मध्ये दुर्गारामांची बदली राजकोटास झाली, आणि त्यानंतर सभा राहिली नाही. जेमतेम आठ वर्षांचे हे जीवित.

मुंबईस परतल्यावर १८४९ मध्ये दादोबांच्या प्रेरणेने परमहंससभा निघाली. राम बाळकृष्ण जयकर हे तिचे अध्यक्ष. सुरतेत जे राहून गेले होते, ते करण्याचा या सभेने निश्चय केला. सभासद होणाऱ्याने ख्रिस्त्याच्या हातचा पाव खावयाचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावयाचे, हा तिचा दीक्षाविधी. दादोबांनी रचलेल्या प्रार्थना तेथे म्हटल्या जात. मुंबईबाहेरही तिच्या शाखा निघाल्या. पण हे सर्व गुप्तपणे चाले. सभासदांची संख्या पुरेशी वाढेपर्यंत आपले अस्तित्व प्रकट करावयाचे नाही, असा बेत होता. १८६० मध्ये सभेचे कागदपत्र चोरीस गेले, सभासदांची नावे उघडी पडण्याचा धाक उत्पन्न झाला आणि सभा विस्कटली. पुढे ख्रिस्ती झालेले बाबा पदमनजी हे एके काळी तिचे सभासद होते. त्यांच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात तिच्या अंतरंगाची हकीकत वाचावयास मिळते.

आता या दोन सभा शेजारी ठेवून पाहाव्यात. सुरतेस वाणी प्रकट होती आणि कृती नव्हती. मुंबईस कृती होती आणि ती झाकलेली होती. पहिलीला कोणी घाबरविले नाही, पण तिने स्वतःस पणास लावले नाही. दुसरीने पणास लावले, पण पण कोणास कळू नये अशी व्यवस्था केली. आणि नाव कळण्याच्या नुसत्या भीतीने ती मोडली. गुप्त सत्कृत्याने व्यक्तीच्या मनास समाधान लाभेल, पण मनुष्यमात्राच्या धर्माची स्थापना गुप्तपणे होऊ शकत नाही. कारण ज्याला ‘मनुष्यमात्र’ म्हणावयाचे, त्यालाच त्यातून वगळलेले असते. आमचे अभ्यासक परमहंससभेस पुढची पायरी आणि मानवधर्मसभेस मागची पायरी समजतात. कृतीच्या दृष्टीने ते बरोबर आहे. प्रकटपणाच्या दृष्टीने पाहिले तर मुंबईची सभा सुरतेच्या एक पाऊल मागे गेली, असेच म्हणावे लागेल.

वाणी आणि कृती एकत्र आणल्यास काय किंमत पडते, हे सुरतेच्याच एका सुपुत्राने दाखवून दिले. महीपतराम रूपराम नीलकंठ हे १८२९ साली सुरतेस जन्मलेले नागर. १८६० मध्ये ते विलायतेस गेले आणि परतल्यावर ज्ञातीने त्यांस बहिष्कृत केले. त्यांनी उघडपणे तो बहिष्कार सोसला आणि अहमदाबादेस १८७१ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाचे ते आधारस्तंभ झाले. दुर्गारामांचे चरित्र त्यांनीच लिहिले. ते १८७९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मानवधर्मसभेच्या कामकाजाची जी माहिती आज उपलब्ध आहे तिचा फार मोठा भाग दुर्गारामांच्या टिपणांच्या आधारे त्या चरित्रात उतरला आहे. महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापून हाच प्रश्न शूद्रातिशूद्रांच्या बाजूने विचारला, आणि १८९१ मध्ये त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालेल्या ग्रंथास ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे नाव आहे. ‘सार्वजनिक’ या विशेषणात आम्हांस सुरतेच्या ‘मानव’ या विशेषणाचाच पुढचा अर्थ दिसतो: जे सर्वांचे, ते सर्वांसमक्ष.

दादोबांच्या स्वतःच्या आयुष्यात हा शोध अखेरपर्यंत थांबला नाही. सरकारी नोकरीत ते डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यापर्यंत चढले, रावबहादूर झाले, १८६५ मध्ये मोरोपंतांच्या केकावलीवर ‘यशोदापांडुरंगी’ ही टीका त्यांनी प्रसिद्ध केली. आणि १८७८ मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, स्वीडनमधील अध्यात्मचिंतक स्वीडनबोर्ग यांच्या ग्रंथांवरील त्यांचे इंग्रजी चिंतन लंडनमध्ये छापले गेले. ज्या माणसाला धर्म म्हणजे केवळ समाजसुधारणेचे एक हत्यार वाटत असेल, तो उतारवयात परलोकाचा आणि आत्म्याच्या गतीचा विचार करणाऱ्या ग्रंथकाराकडे वळणार नाही. केकावलीची टीका लिहिणारा भाविक रसिक, धर्मविवेचनाचा तर्ककठोर लेखक आणि स्वीडनबोर्गचा वाचक, हे तीन निराळे दादोबा नव्हेत. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचे निधन झाले. तोवर सुरतेत विचारलेला प्रश्न त्यांच्यापुरता खुलाच होता.

अध्यापन करणाऱ्यांनी हा भाग शिकविताना याकडे लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे. मानवधर्मसभा, परमहंससभा, प्रार्थनासमाज अशी नावांची साखळी आणि त्यांपुढे सालांची साखळी विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतली, तर त्यांच्या हाती हिशेब येतो. ज्यासाठी या सभा निघाल्या तो प्रश्न येत नाही. विद्यार्थ्यास प्रथम विचारावे की मनुष्यजन्माचे प्रयोजन सर्वांचे एकच आहे असे मानले, तर आपल्या घरात, पंक्तीत आणि शाळेत काय काय बदलावे लागेल. त्याने प्रामाणिकपणे यादी केली, की मग १८४४ च्या त्या पाच शिक्षितांचे धैर्य त्यास कळेल, आणि त्यांचा संकोचही कळेल. सुरतेच्या सभेने उत्तर पुरे केले नाही. परंतु हा प्रश्न कोणत्याही एका ज्ञातीचा, पीठाचा किंवा पुरोहिताचा नसून चारचौघांत, दिवसाउजेडी, सर्वांनी मिळून सोडवावयाचा आहे, हे पश्चिम हिंदुस्थानात तिने प्रथम सांगितले.